खेकड्यांचा सापळा रिकामाच येतोय? या चुका टाळा

सापळा दोनदा रिकामा वर आला की बहुतेक जण आमिषाच्या मागे लागतात. कोंबडीचे पाय काढा, माशाचं डोकं लावा, पुन्हा टाका. आमिष ताजं आणि नीट बांधलेलं असेल तर सहसा त्यात अडत नाही. अडतं पाण्यात, आणि भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाइलवर असूनही.

कोष्टकातली वेळ एका ठरावीक बंदराची असते. खाडीचं तोंड अरुंद असेल तर आतल्या टोकाला भरती बऱ्याच उशिराने पोहोचते. उंचीचंही तसंच. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटरने चढतं, आणि वारा किनाऱ्याकडे असेल तर त्याहून वर. म्हणून आपल्या जागी पाणी खरोखर कधी फिरतं ते एकदा उभं राहून बघून घ्या. जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथे ती वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, एवढ्यावर पुढचे काही दिवस हिशेब चालतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भर प्रवाहात सापळा टाकणं. सहा तासांच्या भरतीत तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळपास निम्मं पाणी आत येतं. हलका सापळा तेव्हा गडगडत जातो, दार वरच्या बाजूला येतं आणि आमिष वाहून जातं. सापळा तळाशी पक्का बसला तरी गोष्ट वासाची आहे. आमिषाचा वास प्रवाहाच्या दिशेने लांब पट्ट्यासारखा पसरतो, आणि तो लागलेला खेकडा प्रवाहाच्या उलट चालत येतो. पाणी जोरात असलं की वास विरतो आणि खेकडाही गाळात दडून बसतो. पाणी अगदी थांबलं की वास जागचा हलत नाही. पाणी फिरण्याच्या आधीचा आणि नंतरचा तास, हाच कामाचा. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीला, हा अवधी आखडतो; भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत चांगला लांबतो. तरी नवखी मंडळी नेमकी पौर्णिमा-अमावस्या गाठून येतात! सापळे अनेक असतील तर प्रवाहाला आडवे, अंतर ठेवून लावा. एकामागे एक लावले तर सगळ्यांचे वास एकाच पट्ट्यात मिसळतात.

गळाचं गणित उलटं. मोठे मासे वाहत्या पाण्यात, ओहोटीला ओहळाचं पाणी जिथे खोल भागात उतरतं त्या काठाशी तोंड करून उभे असतात. छोटी मासळी आपोआप त्यांच्याकडे वाहत येते. तेव्हा पाणी थांबलेलं असताना सापळे बघा, वाहायला लागलं की गळ टाका.

दोरी आखूड नको. ओहोटीला बरोबर वाटलेली दोरी भरतीत तरंगता बोया पाण्याखाली ओढते आणि सापळा हरवतो. हरवलेला सापळा खेकडे पकडतच राहतो, म्हणून त्याचं एक दार साध्या सुती दोऱ्याने बांधा. दोरा कुजला की दार उघडतं.

जोराच्या पावसानंतर जागा बदला. गोडं पाणी वर तरंगतं, खारं खाली राहतं, आणि उथळ भागातले बरेच खेकडे खोलाकडे किंवा मुखाकडे सरकतात. पाण्याला लालसर-तपकिरी रंग चढला असेल तर त्या दिवशी काहीच खायला घेऊ नका. काही शैवालांचं विष शिजवूनही जात नाही. 2015 मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर डोमोइक आम्ल या अशाच विषामुळे खेकड्यांचा हंगामच लांबवावा लागला होता. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका, स्थानिक इशारे बघा.

मोठा खेकडा मिळाला आणि घरी मांसच निघालं नाही, अशी तक्रार नेहमीची. त्याने नुकतीच कात टाकलेली असते. अंग वाढलेलं, पण आत पाणी. पोटाकडच्या कवचावर आणि पायावर अंगठा दाबा. दबलं तर सोडून द्या. पोटाखालची झडप रुंद-गोल असेल तर मादी, निमुळती असेल तर नर. झडपेखाली नारिंगी किंवा काळपट अंड्यांचा गोळा दिसला की मादी ताबडतोब पाण्यात. सोडवताना डेंग्याला धरून ओढू नका, तो तुटून हातात येईल. मागून, शेवटच्या पायांपाशी धरा.

बादलीत पाणी भरून खेकडे ठेवणं तर बंदच करा. त्या पाण्यातला प्राणवायू थोड्याच वेळात संपतो आणि खेकडे गुदमरतात. ओलं गोणपाट घालून सावलीत ठेवले तर कितीतरी वेळ तग धरतात, कारण कल्ले ओले असेपर्यंत हवेतूनही त्यांचं भागतं. आधीच मेलेला खेकडा शिजवू नका, तो फार लवकर नासतो.

चिखलातून चालत आत जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. भरती फक्त समोरून येत नाही. पाठीमागचे ओहळ आधी भरतात, आणि तुम्ही उभे असता ती जागा तेव्हा कोरडीच असते. पाणी फिरायच्या आधी निघा, एखादा सापळा राहिला तर राहू द्या.