लिऑन मॅकॉलिफच्या जुन्या रेकॉर्ड्स शोधायला निघण्याआधीची तयारी

मागच्या वर्षी ओक्लाहोमात एका रेकॉर्ड मेळ्याला डॅलसहून पहाटे निघून गेलो होतो, आणि जी रेकॉर्ड शोधायला गेलो होतो तीच हातात घेऊन परत खोक्यात ठेवून आलो. अजून लागलंय ते मनाला. म्हणून या वेळी जायच्या आधी सगळी तयारी लिहून काढतोय, ज्यांना बॉब विल्सच्या टेक्सस प्लेबॉइज या अमेरिकन बँडचा आणि त्यांच्या स्टील गिटारवाल्या लिऑन मॅकॉलिफचा नाद आहे त्यांना उपयोग होईल, आणि नाद नसेल त्यांनी एकदा १९३६ सालचं 'स्टील गिटार रॅग' ऐकाच.

स्टील गिटार म्हणजे आपण जिला हवाइयन गिटार म्हणतो तीच, आडवी ठेवून तारांवरून धातूचा बार सरकवत वाजवायची. व्हॅन शिपली, हझारा सिंग यांच्या फिल्मी गाण्यांच्या रेकॉर्ड्स ज्यांच्या घरी होत्या त्यांच्या कानात तो आवाज असणारच. माझे काका दादरच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे, मला तिथून लागलं हे. लिऑन मॅकॉलिफ १९३५ साली अठराव्या वर्षी टल्सात बॉब विल्सच्या बँडमध्ये आला, आणि फिडल, ब्रास, पियानो, ड्रम्स असल्या गर्दीतही त्याची स्टील अशी सुटी ऐकू येते की अंगावर काटा येतो.

तर पहिलं काम, तारखा पाठ करा. लिऑन बॉब विल्सकडे १९३५ ते १९४२. डॅलसमधलं पहिलं रेकॉर्डिंग सप्टेंबर १९३५ चं, 'स्टील गिटार रॅग' शिकागोचं, सप्टेंबर १९३६. मग युद्ध आलं आणि तो नौदलाकडे गेला, वैमानिकांना शिकवायला. त्याच १९४२ च्या ऑगस्टपासून अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बंदी घातली, म्हणजे तसंही काही काळ सगळंच थांबलं. युद्धानंतर तो बॉब विल्सकडे परत गेला नाही, स्वतःचा बँड काढला, १९४९ मध्ये कोलंबियासाठी 'पॅनहँडल रॅग' केलं. त्यामुळे १९४६-४७ ची टिफनी ट्रान्सक्रिप्शन्स, म्हणजे बॉब विल्सच्या बँडची रेडिओसाठी केलेली रेकॉर्डिंग्ज, दाखवून कोणी म्हणालं की यात लिऑन आहे तर नाहीये, तिथे नोएल बॉग्ज आहे, हर्ब रेमिंग्टन आहे, रॉय हनीकट आहे. तिघेही जबरदस्त, घ्या जरूर, पण लिऑन म्हणून घेऊ नका. मी टिफनीचा एक एलपी लिऑनचा म्हणूनच घेऊन आलो होतो. बॉब विल्सला गाणं चालू असताना वाजवणाऱ्याचं नाव घेऊन ओरडायची सवय होती, ते कान देऊन ऐकलं तरी निम्मं काम होतं, तो 'नोएल' म्हणतोय की 'लिऑन' म्हणतोय ते कळतं.

आता मुद्द्याचं, जे मी मागच्या वेळी नेलं नाही. घरात जेवढ्या रेकॉर्ड्स आहेत त्या सगळ्यांच्या मॅट्रिक्स नंबरची यादी. परत लिहितो, मॅट्रिक्स नंबर, कॅटलॉग नंबर नव्हे. लेबलवर मोठ्या अक्षरात छापलेला असतो तो कॅटलॉग नंबर, तो कंपनी बदलते, छाप बदलते तसा बदलतो. मॅट्रिक्स नंबर त्या दिवशी त्या स्टुडिओत जे वाजवलं गेलं त्याचा असतो. खाचा संपतात आणि लेबल सुरू होतं त्यामधला जो गुळगुळीत काळा पट्टा असतो त्यात तो ठोकलेला सापडतो. बॉब विल्सच्या युद्धाआधीच्या बऱ्याच रेकॉर्ड्सवर नंबराच्या आधी गावाची खूण असते, सी म्हणजे शिकागो, डीएएल म्हणजे डॅलस, एलए म्हणजे लॉस एंजेलिस, आणि नंबरानंतर रेघ मारून १ किंवा २, तो टेक, म्हणजे ते गाणं कितव्यांदा वाजवलं तेव्हाचं हे. एकाच गाण्याचे दोन टेक वाजवलेले असतील तर स्टीलचा सोलो दोन्हींत वेगळा असू शकतो, आणि आपण जातोय ते त्या सोलोसाठीच ना.

माझं काय झालं ते सांगतो. माझ्याकडे घरी 'न्यू सॅन अँटोनियो रोझ' होतं, ओके लेबलचं, ०५६९४, एप्रिल १९४० चं, टॉमी डंकनने गायलेलं, ब्रासवालं. मेळ्यातल्या खोक्यात एक रेकॉर्ड निघाली, व्होकॅलियन लेबल, 'सॅन अँटोनियो रोझ'. नाव वाचलं, म्हटलं हे आहे आपल्याकडे, ठेवली खाली. घरी आल्यावर यादी उघडली तर ते १९३८ चं मूळ, गाणं नसलेलं, डॅलसमध्ये वाजवलेलं, आणि त्यात लिऑनची स्टील मोकळी वाजते! नावात एका 'न्यू'चा फरक. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला फोन केला, दुपारीच गेली होती. आणि जे घेऊन आलो होतो त्यात 'स्टील गिटार रॅग' कोलंबिया लेबलचं, लाल लेबल बघून वाटलं नंतर केलेलं वेगळं रेकॉर्डिंग असेल, पण त्या काळ्या पट्ट्यातला नंबर घरच्या व्होकॅलियनशी अक्षर न अक्षर जुळला. म्हणजे तेच. व्होकॅलियनची रेकॉर्डिंग्ज पुढे ओकेवर, कॉन्कररवर, कोलंबियावर परत परत निघाली आहेत, लेबलच्या रंगावर जाल तर एकच रेकॉर्ड चार वेळा विकत घ्याल. यादी खिशात असती तर दोन्ही गोष्टी अर्ध्या मिनिटात कळल्या असत्या. यादी न्या. कागदावर न्या, असल्या हॉलमध्ये फोनला रेंज नसते.

यादी बनवायला बसाल तेव्हा एका संध्याकाळीच बसा आणि पूर्ण करा, 'नंतर बघू' म्हणून चार रेकॉर्ड्स सोडल्यात तर नेमकी त्यातलीच समोर येईल. छोटा टॉर्च तिरपा धरायचा, समोरून प्रकाश टाकला तर काहीच दिसत नाही, बाजूने टाकला की आकडे उठून येतात. पोटमाळ्यावर राहिलेल्या रेकॉर्ड्सवर धूळ घट्ट बसलेली असते, सुती कापडाने पुसून मग वाचायचं. ३ आणि ८ मध्ये गडबड होते, भिंगाशिवाय लिहू नका. टॉर्च आणि भिंग मेळ्यालाही बरोबर न्यायचं आहे, यादीबरोबर.

यादीच्या दुसऱ्या रकान्यात हवे असलेले नंबर. ते कुठून काढायचे तर सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची 'डिस्कोग्राफी ऑफ अमेरिकन हिस्टॉरिकल रेकॉर्डिंग्ज' ऑनलाइन आहे, फुकट आहे, वादकाच्या नावाने किंवा मॅट्रिक्सने शोधता येतं. मॅकॉलिफ हे आडनाव दोन्ही स्पेलिंगने टाका, शेवटच्या 'ई'सकट आणि 'ई'शिवाय, रेकॉर्ड्सवर दोन्ही सापडतं. टोनी रसेलचं १९२१ ते १९४२ च्या कंट्री रेकॉर्ड्सचं जाडजूड पुस्तक लायब्ररीत मिळालं तर त्यात कोणत्या दिवशी कोण वाजवायला होतं तेही दिलंय, ते ताडून बघा. आणि हो, 'गिटार रॅग' नावाने शोधताना सिल्व्हेस्टर वीव्हर येईल, ते चुकीचं नाहीये, तो केंटकीचा कृष्णवर्णीय गिटारवादक, त्याने १९२३ मध्ये वाजवलेल्या चालीवरूनच लिऑनचं 'स्टील गिटार रॅग' आलं. तोही ऐकाच, पण यादीत वेगळ्या पानावर ठेवा.

निघण्याआधी एक विचार करा, तुम्हाला आवाज हवाय की वस्तू हवीय. नुसता आवाज हवा असेल तर जर्मनीच्या बेअर फॅमिलीने बॉब विल्सचा अकरा सीडींचा संच काढलाय, टिफनीचाही दहा सीडींचा संच निघाला होता, एवढी पायपीट कशाला. मी जातो कारण मूळ ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची, तबकडी चांगल्या अवस्थेत मिळाली तर त्या स्टीलला एक ताजेपणा असतो जो मला सीडीवर मिळत नाही, आणि ती हातात धरायला आवडते. त्या तबकडीत लाख आहे, आणि त्या काळी जगभरच्या रेकॉर्ड कंपन्यांना लागणारी लाख मुख्यतः आपल्याकडून जायची, छोटा नागपूर, मध्य प्रांत इथल्या जंगलांतून. युद्धात जहाजं अडली तेव्हा अमेरिकेत लाखेची इतकी टंचाई झाली की जुन्या रेकॉर्ड्स गोळा करून नव्यासाठी वितळवल्या. किती गेल्या असतील त्यात.

लाख आहे म्हणूनच ही एक सक्त सूचना, स्पिरिट लावून पुसू नका. घरी फर्निचरला पॉलिशवाला यायचा तो चपडा कशात विरघळवायचा आठवा, स्पिरिटमध्येच. रेकॉर्डचंही तेच होईल, खाचाच जातील. सौम्य साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवायचं, लगेच टिपून घ्यायचं, बास.

मेळ्यात हातात घेतल्यावर तडा बघायचा. आपण माठ घेताना टिचकी मारून बघतो ना, तसंच, मधल्या भोकात बोट घालून रेकॉर्ड लटकती धरायची आणि कडेला हलकी टिचकी, चांगली असेल तर खणखणते, तडा असेल तर बद्द वाजते. विक्रेत्याला विचारून करा, काहींना आवडत नाही. तडा नाही म्हणून लगेच पैसे काढू नका, आधी टॉर्च, मग मॅट्रिक्स नंबर, मग यादी. नाव ओळखीचं वाटलं म्हणून खाली ठेवायची असेल तरी आधी यादी. खाली ठेवताना तर जास्तच, कारण घेतलेली चुकीची रेकॉर्ड परत विकता येते, सोडलेली परत येत नाही.

लांबून कोणाकडून मागवत असाल तर पैसे देण्याआधी त्या काळ्या पट्ट्याचा फोटो मागा. लेबलचा फोटो सगळे पाठवतात, तो पुरत नाही. देणार नसेल तर सोडून द्या. पॅकिंगचंही आधीच सांगा, दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा, खोक्यात खोकं, मध्ये भरपूर भरण, नुसत्या पाकिटात पाठवलेली ७८ म्हणजे तुकडे येणार. पुण्या-मुंबईला मागवणाऱ्यांनी कस्टम्स धरून हिशोब करा.

गाडीत ब्लँकेट, पुठ्ठे, रिकामी कागदी कव्हरं आणि रेकॉर्ड्स उभ्या राहतील असं खोकं ठेवा. रेकॉर्ड्स आडव्या एकावर एक रचू नका. टेक्सस-ओक्लाहोमाच्या उन्हात बंद गाडीत तासभर ठेवल्या तर वाकतात, जेवायला थांबाल तेव्हा खोकं बरोबर आत न्या, लोक बघतील, बघू देत.

सोळा इंची रेडिओ ट्रान्सक्रिप्शन डिस्क सापडली तर भाव विचारण्याआधी वाजवणार कशावर ते ठरवा, घरच्या टर्नटेबलवर बसतच नाही ती, आणि ७८ च्या नाही तर ३३⅓ च्या वेगाने चालते. काही तर आतून बाहेर वाजतात. टल्साच्या केव्हीओओ स्टेशनवरून बँड रोज वाजायचा त्यातलं काही असेल या आशेने उड्या मारू नका, नंबर बघा, तारीख बघा.

वाजवायला ३ मिलची सुई (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एलपीची सुई लावू नका, ती खाचेच्या तळाशी जाऊन घासते आणि नुसती खरखर येते. वेग तपासा, जरा कमीजास्त झाला तरी स्टीलची पट्टी बदलते आणि ऐकून वाजवायला बसलेला माणूस वेडा होतो.

आर्काइव्हमध्ये जाणार असाल, वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस किंवा नॅशव्हिलचं कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम, तर आधी लिहून वेळ घ्या, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या रेकॉर्ड्स व्हर्जिनियात कल्पेपरला ठेवलेल्या असतात, ऐन वेळी गेलं तर ऐकायला मिळत नाही. मागणी अर्जात मॅट्रिक्स नंबर घाला. डिजिटल कॉपी केली तर फाइलच्या नावातही तोच नंबर. ती कॉपी ऑनलाइन चढवायच्या आधी हक्कांचं बघा, भारतात ध्वनिमुद्रणाला ६० वर्षं, पण अमेरिकेत १९३६ ची रेकॉर्ड २०३६ संपेपर्यंत हक्कात आहे.

बाकी रोख पैसे सुटे, पाणी, डबा, ते तुमचं तुम्ही बघा.

मेळा येत्या शनिवारी आहे. यादी झालीये, एक्केचाळीस नंबर, दोनदा तपासून. एक प्रत शर्टाच्या खिशात, एक गाडीच्या कप्प्यात, आणि सगळ्यात वर लाल पेनाने लिहिलंय, सॅन अँटोनियो रोझ, १९३८, व्होकॅलियन ०४७५५, 'न्यू' नसलेलं.