विंडोज ११ ला विंडोज १० चं वळण

नागपूरच्या इतवारीतल्या पेढीवरच्या मुनीमजींचा हात गेली कित्येक वर्षं स्टार्टसाठी डाव्या कोपऱ्यात जातो. विंडोज ११ मध्ये त्या जागी विजेट्स बसलंय. माउस नुसता वरून गेला तरी हवामान उघडतं आणि मे महिन्यात ४५ अंशांचा आकडा दाखवून डोकं आणखी तापवतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, त्यामुळे हा बदल आता फार दिवस टाळता येणार नाही. पण रोज हाताला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी सेटिंग्जमधूनच परत मिळतात. (मेनूंची नावं इथे डिस्प्ले भाषा इंग्रजी आहे असं धरून दिली आहेत.)

जुन्याच कॉम्प्युटरवर अपग्रेड केलं असेल तर सेटिंग्ज → सिस्टम → रिकव्हरीमध्ये ‘गो बॅक’ची सोय १० दिवस असते. तेवढ्या दिवसांत प्रिंटर, टॅली, बिलिंग सगळं चालवून बघा, रंगरूप नंतर. रंगरूपाला हात लावण्याआधी एक रिस्टोअर पॉइंट (काही बिघडलं तर सिस्टम मागच्या स्थितीत नेणारी नोंद) करून ठेवा. सर्चमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा, सी ड्राइव्ह निवडा, कॉन्फिगरमध्ये प्रोटेक्शन चालू करा आणि मग क्रिएट दाबा. बऱ्याच मशिनवर हे प्रोटेक्शन मुळात बंदच असतं.

आता टास्कबार. सेटिंग्ज → पर्सनलायझेशन → टास्कबार उघडा. टास्कबार बिहेवियर्समध्ये अलाइनमेंट ‘लेफ्ट’ केली की स्टार्ट आपल्या जागी येतं. त्याच पानावर विजेट्स आणि टास्क व्ह्यू बंद करा, सर्च फक्त आयकॉनपुरता ठेवा. ‘कंबाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स’ला ‘नेव्हर’ दिलं की प्रत्येक खिडकीचं नाव पूर्वीसारखं वेगळं दिसतं. एक्सेलच्या चार फाइली एकदम उघडून बसणाऱ्याला हा एक पर्याय बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा. तो दिसत नसेल तर विंडोज जुनं आहे: सिस्टम → अबाउटमध्ये २३एच२ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी. घड्याळाजवळचे लपलेले आयकॉन ‘अदर सिस्टम ट्रे आयकॉन्स’मधून एकेक करून चालू करावे लागतात.

राइट क्लिकचं दुखणं वेगळं आहे. ‘कॉपी’ हा शब्द शोधणाऱ्याला तो सापडत नाही, कारण कट-कॉपी-पेस्टची मेनूच्या एका टोकाला चित्रं झाली आहेत (२४एच२ पासून त्यांच्याखाली नावं आली). शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की सरळ जुना मेनू उघडतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) बदल करून तो कायमचा आणता येतो, पण दुकानाच्या मशिनवर रजिस्ट्रीला हात लावण्यापेक्षा शिफ्टची सवय बरी.

फाइल एक्स्प्लोररमध्ये तीन ठिपके → ऑप्शन्समधून ‘धिस पीसी’वर उघडायला सांगा आणि व्ह्यू → कॉम्पॅक्ट व्ह्यू लावा, ओळींमधली फुकटची मोकळी जागा जाते. डेस्कटॉपवर ‘धिस पीसी’ हवं असेल तर पर्सनलायझेशन → थीम्स → डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज. तिथल्या यादीत त्याचं नाव अजून ‘कॉम्प्युटर’ आहे.

खरी अडचण मराठी टायपिंगची होते. टाइम अँड लँग्वेज → लँग्वेज अँड रीजनमध्ये मराठी जोडा, तिच्यासमोरच्या तीन ठिपक्यांतून लँग्वेज ऑप्शन्समध्ये जा आणि हवा तो कीबोर्ड घ्या, इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक. विंडोज आणि स्पेस या बटणांनी भाषा बदलते. नको असलेला जास्तीचा इंग्रजी लेआउट काढून टाका, नाहीतर दरवेळी तीन ठिकाणी थांबत फिरावं लागतं. जुनी तरंगती लँग्वेज बार हवी असेल तर टायपिंग → अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप लँग्वेज बारवर खूण करा. तिथेच प्रत्येक खिडकीला वेगळी भाषा ठेवायचीही सोय आहे: टॅली इंग्रजीत, वर्ड मराठीत.

फॉन्टचं तेवढं आधी बघा. मंगल फॉन्ट नव्या मशिनवर असेलच असं नाही. तो नसला की वर्ड दुसरा फॉन्ट लावतं, ओळी सरकतात आणि दोन पानी अर्ज तीन पानी होतो. सिस्टम → ऑप्शनल फीचर्समधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ टाका. त्याला इंटरनेट लागतं. कृतिदेवची गोष्ट निराळी. तो युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नाही, त्यामुळे फॉन्ट नसला तर मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. फाइल बिघडलेली नसते, घाबरू नका. जुन्या मशिनवरची फॉन्ट फाइल आणा आणि शिफ्ट धरून राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ घ्या. नुसतं ‘इन्स्टॉल’ केलं तर तो त्या एकाच लॉगिनला मिळतो.

एवढ्यानं भागत नसेल तर बाहेरची साधनं आहेत. ओपन-शेल फुकट आहे, पण ते विंडोज ७ च्या वळणाचा स्टार्ट मेनू देतं, विंडोज १० च्या टाइल्स नाही. एक्स्प्लोररपॅचर टास्कबारच जुन्या धाटणीचा करतं, तेही फुकट. स्टार्टऑलबॅकला पैसे पडतात. शेवटची दोन्ही विंडोजच्या एक्स्प्लोररमध्ये घुसून काम करतात. म्हणून मोठ्या अपडेटनं आतली रचना बदलली की टास्कबार गायब होऊ शकतो किंवा स्क्रीन लुकलुकत राहते. शिवाय एक्स्प्लोररपॅचरवर डिफेंडर (विंडोजचं स्वतःचं अँटीव्हायरस) कधीकधी आक्षेप घेतं. ज्या मशिनवर बँक आणि जीएसटीचं काम चालतं, तिथे डिफेंडरला गप्प करून असलं काही टाकू नये.

तरीही टाकलंच, तर मोठ्या अपडेटआधी काढा आणि नंतर नवी आवृत्ती घाला. विसरलात आणि स्क्रीन कोरी झाली, तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपनं टास्क मॅनेजर उघडा, ‘रन न्यू टास्क’मध्ये ‘कंट्रोल’ हा शब्द इंग्रजीत टाइप करा, कंट्रोल पॅनेलमधून ते साधन अनइन्स्टॉल करा आणि मशीन रीस्टार्ट करा.