बेस गिटारच्या कॅबिनेटमधला स्पीकर: दुरुस्त करावा की बदलावा?

बेस गिटारच्या कॅबिनेटमधून, म्हणजे स्पीकरच्या खोक्यातून, घोगरा, फाटका किंवा घासल्यासारखा आवाज येऊ लागला की बहुतेक वादक लगेच नव्या स्पीकरची चौकशी सुरू करतात. रत्नागिरी, देवगड किंवा मालवणला राहणाऱ्याला ही घाई महागात पडते. स्पीकर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, नाहीतर कोल्हापूर किंवा मडगावहून मागवावा लागतो, पंधरा इंची स्पीकरचे पार्सल चांगलेच जड असते, आणि तो बसवल्यावर दोष भलतीकडेच होता असे निघाले तर परत पाठवण्याचा खर्चही आपल्याच अंगावर येतो. शिवाय किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत स्पीकर केवळ जळून बाद होत नाही, गंजूनही होतो, आणि या दोन बिघाडांचे उपाय अगदी वेगळे आहेत. म्हणून खाली निदानालाच जास्त जागा दिली आहे.

पहिला संशय वायर आणि जॅकवर घ्यावा. पावसाळाभर पडून राहिलेल्या जॅकच्या पत्रीवर हिरवट-काळा थर चढतो, जोड सैल होतो आणि आवाज तुटक येतो. कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून जॅक आठ-दहा वेळा आत-बाहेर केला की पुष्कळदा तक्रार तिथेच मिटते. त्यानंतर मोबाइलवरच्या टोन जनरेटरमधून अँप्लिफायरला शुद्ध स्वर द्यावा आणि तो बेताच्या आवाजात ३० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढवत न्यावा. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झच्या आसपास आणि पाच तारांच्या बेसची ३१ हर्ट्झच्या आसपास बोलते, त्यामुळे खरा त्रास याच पट्ट्यात सापडतो. एखाद्या ठरावीक स्वरालाच खडखड होत असेल तर जाळी, हँडल, चाके आणि कोपऱ्यांचे पत्रे एकेक करून हाताने दाबून पाहावेत. पोर्टच्या, म्हणजे खोक्यातली हवा ये-जा करण्यासाठी ठेवलेल्या, नळीत टॉर्च मारून पाहायलाही विसरू नये. कुंभारीण माशी तिथे मातीचे घर करते आणि त्याचे सुटलेले खडे आत वाजत राहतात.

हे सगळे ठीक निघाले तर कॅबिनेटची वायर अँप्लिफायरपासून काढावी आणि मल्टिमीटरने कॅबिनेटच्या जॅकवर रोध मोजावा. मीटरची दोन टोके एकमेकांना टेकवल्यावर जो आकडा येतो तो आधी वजा करावा. ८ ओहमचा धडधाकट स्पीकर मीटरवर साधारण ५.५ ते ७ ओहम दाखवतो आणि ४ ओहमचा ३ ते ३.५, कारण मीटर फक्त कॉइलच्या, म्हणजे चुंबकाच्या फटीत हलणाऱ्या वेटोळ्याच्या, तारेचा रोध मोजतो. एकापेक्षा जास्त स्पीकर असतील तर हा आकडा बरेच काही सांगून जातो. समांतर जोडलेल्या ८ ओहमच्या दोन स्पीकरांवर सुमारे ३ ओहम दिसायला हवेत. ६ दिसले तर त्यातल्या एकाची कॉइल तुटली आहे असे समजावे. चार स्पीकरांच्या कॅबिनेटमध्ये दोन-दोनच्या एकसर जोड्या समांतर जोडलेल्या असतील तर एक कॉइल तुटताच त्याचा जोडीदारही गप्प होतो आणि ६ चे १२ होतात. उलट समांतर जोड्या एकसर जोडल्या असतील तर आकडा ९ च्या आसपास जातो, आवाज एकाचाच बंद होतो, पण जोडीदारावर जास्त भार येऊ लागतो. अशा कॅबिनेटवर कार्यक्रम रेटून नेला तर दुसरा स्पीकरही जाण्याची शक्यता बरीच असते.

मीटर बरोबर आकडा दाखवत असूनही आवाज घासत असेल तर स्पीकर बाहेर काढून हाताने तपासावा. दोन्ही हातांची बोटे पडद्यावर (पुढच्या कोनवर) मधल्या टोपीभोवती समान अंतरावर ठेवून पडदा सरळ, हलक्या दाबाने आत ढकलावा आणि कान जवळ न्यावा. निरोगी स्पीकर यावेळी काहीही बोलत नाही. खरखर ऐकू आली, तर कॉइल फुगून चुंबकाच्या फटीत घासते आहे किंवा फटीत गंज साचला आहे. स्पीकरचे काळे फेराइट चुंबक गंजत नाही, पण त्याच्या खालच्या-वरच्या प्लेटा आणि मधला खांब लोखंडाचा असतो, आणि समुद्राकाठी याच लोखंडाला आतून पापुद्रे सुटतात. पडदा एका बाजूला वाकडा दाबला तर चांगला स्पीकरही घासतो, म्हणून दाब सरळच हवा. जळकट वास येत असेल तर कॉइल तापून गेलेली आहे. मग मीटर काहीही सांगो, तिच्यावर भरवसा ठेवू नये.

दुरुस्तीत सर्वांत सोपा प्रकार पडद्याच्या लहान चिरेचा. उंदराने कुरतडल्याने किंवा जाळी नसलेल्या कॅबिनेटला माइकचा स्टँड लागल्याने पडलेली दोन-तीन सेंटिमीटरची चीर पातळ टिश्यू किंवा पतंगाच्या कागदाने, पाण्यात सैल केलेल्या पांढऱ्या फेविकॉलने पुढून आणि मागून सांधता येते. कागद कात्रीने कापण्याऐवजी फाडून घ्यावा, म्हणजे कड मऊ राहते आणि ठिगळ पडद्यात मिसळून जाते. ठिगळाचे वजन वाढू देऊ नये आणि आपल्याकडच्या दमट दिवसांत ते निदान एक पूर्ण दिवस वाळू द्यावे. झटपट चिकटणारा गोंद इथे नको. तो काचेसारखा कडक होतो आणि पडदा त्याच्या कडेलाच पुन्हा फाटतो. चीर काठाच्या लवचीक पट्टीवर असेल तर मात्र वाळल्यावर मऊ राहणारा रबरी गोंद वापरावा. काठ फोमचा असून बोट लावताच त्याचा भुगा होत असेल तर ठिगळाने काहीच साधत नाही. अख्खी फोमची कड मापाने आणून बसवावी लागते, आणि ती चिकटवताना कॉइल फटीत मधोमध राहील याची खातरी करावी लागते.

कॉइल जळलेली किंवा घासणारी असेल तर दोनच मार्ग उरतात. कोनिंग करणारा कारागीर जुना पडदा, स्पायडर (पडद्याला मागून सावरणारी लवचीक चकती) आणि कॉइल काढून नवा संच त्याच चौकटीत बसवतो. मूळ कंपनीचाच संच मिळत असेल आणि चुंबकाची फट स्वच्छ असेल तर हा मार्ग उत्तम. पण दुकानात हाताशी असलेली, ‘मापाने बसणारी’ कॉइल आणि पडदा घातला तर स्पीकर वाजतो, तो पहिला स्पीकर मात्र राहत नाही. लग्नाच्या मंडपातल्या डब्याला ते चालून जाते. बेसच्या कॅबिनेटला चालत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण खोक्यात आहे. पोर्ट असलेल्या कॅबिनेटचे आकारमान आणि नळीची लांबी विशिष्ट स्पीकर धरून ठरवलेली असते. ऑस्ट्रेलियात काम केलेल्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या नावाने ओळखली जाणारी मापे स्पीकरच्या माहितीपत्रकात छापलेली असतात. त्यांपैकी एफएस (पडद्याचा स्वतःचा स्वर), क्यूटीएस (त्याची हालचाल किती आवरली जाते) आणि व्हीएएस (पडद्याच्या लवचीकपणाइतकी हवा) ही तीन जुन्या स्पीकरच्या जवळपास हवीत, आणि पडदा पुढे-मागे किती जाऊ शकतो ते सांगणारे एक्समॅक्स कमी नको. नळी ज्या स्वराला जुळवलेली असते त्याच्या खाली गेल्यावर आतल्या हवेचा आधार सुटतो आणि पडदा वाटेल तितका हलू लागतो, म्हणून चुकीचा स्पीकर वॉट कागदावर भरपूर असूनही खालच्या तारेवर मोडतो. लीड गिटारसाठी बनवलेला बारा इंची स्पीकर भोकात चपखल बसला तरी बेसला घेऊ नये. ओहम मात्र जुनेच ठेवावेत. चारांपैकी एकच बदलायचा असेल तर शक्यतो तेच मॉडेल आणावे. व्यासही केवळ ‘पंधरा इंची’ असा सांगू नये. कापलेल्या भोकाचा व्यास आणि बोल्टच्या छिद्रांमधले अंतर मोजून कळवावे. निओडिमियमचे स्पीकर वजनाला खूप हलके असतात, मात्र त्यांच्या चुंबकावरचा मुलामा खरवडला तर ते खाऱ्या हवेत लवकर गंजतात.

नवा स्पीकर जोडण्याआधी जुन्याला अँप्लिफायरनेच मारले नाही ना, हे पाहावे. ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर असेल तर स्पीकर न जोडता, आवाज शून्यावर ठेवून त्याच्या आउटपुटवर डीसी व्होल्ट मोजावेत. काही शतांश व्होल्ट चालतात. दोन-चार व्होल्ट दिसले तर अँप्लिफायर आधी दुरुस्तीला द्यावा, नाहीतर नवी कॉइलही जळू शकते. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर ही चाचणी करू नये, कारण तो स्पीकरवाचून चालवला तर त्याचा ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

प्रत्यक्ष बदलताना कॅबिनेट पाठीवर आडवे ठेवावे. चुंबक स्क्रूड्रायव्हरला ओढतो आणि सुटलेले टोक थेट पडद्यात घुसते, म्हणून एक हात पडद्यावर आडवा धरूनच बोल्ट काढावेत. गंजलेला बोल्ट फिरवला की आतला टी-नटही (लाकडात मागून ठोकलेला नट) सोबत गरगरतो. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मुरवले, तर हा वैताग बराच टळतो. तारा सोडवण्याआधी मोबाइलने फोटो काढावा. बसवताना काठाखाली फोमची अखंड पट्टी द्यावी आणि स्टेनलेस स्टीलचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडेथोडे आवळावेत. एक बाजू आधीच करकचून आवळली तर चौकट पिळते आणि नवी कॉइल घासू लागते. तारांना डाख देत असाल तर टोक स्वच्छ खरवडून घ्यावे, आणि क्लिपा वापरत असाल तर त्या पक्कडीने जराशा दाबून घट्ट कराव्यात.

जोडणी झाल्यावर दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलची धन बाजू धन टोकाला क्षणभर टेकवावी. पडदा बाहेर आला पाहिजे. काही जुन्या जेबीएल स्पीकरांत हे उलटे असते, तेव्हा महत्त्वाचे इतकेच की कॅबिनेटमधले सगळे पडदे एकाच दिशेने हलावेत. एक जरी उलटा जोडला गेला तरी खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि आवाज पोकळ लागतो. मग पुन्हा ३० ते २०० हर्ट्झची फेरी करावी आणि काठाला ओला हात फिरवून कुठून हवा सुटते का ते पाहावे. पहिल्या काही तालमींनंतर बोल्ट एकदा पुन्हा आवळावेत, कारण फोमची पट्टी दबते. पावसाळ्यात कॅबिनेट दोन लाकडी पट्ट्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावे आणि त्यावर प्लास्टिक न घालता सुती चादर घालावी, कारण प्लास्टिकखाली दमटपणा कोंडतो.