वळवाच्या आधी: लॉनवरच्या तणनाशकाची वेळ आणि पाणी

बेळगावात लॉनच्या देखभालीचं काम करायला लागून मला नऊ वर्षं झाली. दोन मंगल कार्यालयं, टिळकवाडी-हिंदवाडीतले काही बंगले आणि एका शाळेचं मैदान एवढा माझा पसारा. या कामात नव्यानं आलेली पोरं सगळ्यात आधी तणनाशकाचं नाव विचारतात. नाव दुकानदारही सांगतो. ते कधी मारायचं आणि मारल्यावर पाणी किती द्यायचं, हे कळायला मात्र माझी दोन वर्षं वाया गेली. म्हणून तेवढंच लिहितो.

पहिल्या वर्षी माझ्याकडे एका कार्यालयाचं आठ गुंठ्यांचं लॉन होतं. मोबाईलवर अमेरिकेतल्या लॉनची माहिती वाचली होती: वसंत लागताना, तण उगवायच्या आधी पेंडिमेथालिन हे तणनाशक मारा. मी वसंत पंचमी धरली आणि फेब्रुवारीत फवारून मोकळा झालो. बोअरचं पाणी कमी होतं, म्हणून वरच्यावर शिंपडलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात अख्खं लॉन तणानं भरलं. आठ बायका चार दिवस भांगलण करत होत्या आणि त्यांची मजुरी मी पदरची दिली.

तिकडची माहिती खोटी नव्हती, ती तिकडच्या जमिनीची होती. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात जमीन गोठते. वसंतात मातीचं तापमान काही दिवस सलग 12-13 अंश सेल्सिअसवर राहिलं की क्रॅबग्रास नावाचं तिकडचं तण उगवायला लागतं. फोर्सिथिया नावाच्या झुडपाला पिवळी फुलं आली की तिथले लोक फवारणीच्या तयारीला लागतात. त्यांची तारीख ऊब ठरवते. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर असलं, पहाटे गारठा असला, तरी माती तशी गोठत नाही. ऊब बियाला कायमच मिळते. ते थांबलेलं असतं ओलीसाठी.

हे मला आमच्या वडिलांनी सांगितलं. येळ्ळूरच्या शिवारात आमचं भात आहे, धूळवाफ पेरणी असते, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतच पेरतो. ते म्हणाले, "अरे, जमीन भिजल्याबिगर तण उठतंय काय? एक वळीव होऊ दे, आठ दिवसांत बांध हिरवा होतोय की नाही बघ."

लॉनला तर रोज पाणी असतं, मग तिथलं बी आधीच का उगवत नाही, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. थोडं उगवतंच. पण उन्हाळ्यात आपण देतो ते पाणी कडांना आणि कोपऱ्यांना नीट पोचत नाही, आणि मातीचा वरचा थर दुपारपर्यंत वाळून जातो. वळवाचं पाणी सगळीकडे सारखं पडतं. मागे ढगाळ हवा राहिली तर वरची ओल दोन-तीन दिवस टिकते. बियाला तेवढं पुरतं.

आता औषध काय करतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पेंडिमेथालिन बी मारत नाही आणि उगवून आलेलं तणही मारत नाही. ते मातीच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या थरात बसून राहतं. बियातून कोंब आणि मूळ बाहेर पडलं की त्यांच्या पेशींचं विभाजन थांबवतं. मूळ आखूड, जाड होतं आणि रोप तिथेच मरतं. म्हणजे कोंब फुटायच्या आधी औषध त्या थरात हजर पाहिजे. शिवाय ते कायम टिकत नाही, साधारण दोन-तीन महिन्यांत त्याचा जोर उतरतो, आपल्या उन्हात लवकरच. फेब्रुवारीतलं माझं औषध जूनपर्यंत संपलेलंच होतं.

दुसऱ्या वर्षी मी उलटं केलं. मिरगाच्या पावसाआधी म्हणून रोहिणीत, मे संपता संपता फवारलं. पण एप्रिलमध्ये दोन वळीव होऊन गेले होते आणि तण दोन-तीन पानांवर आलेलं होतं. त्याला काहीही झालं नाही.

तेव्हापासून पहिली फवारणी मार्चच्या शेवटी, पाडव्याच्या आगेमागे. लेबलावर वर्षाची जी कमाल मात्रा असेल तिचे दोन भाग करायचे आणि दुसरा भाग सात-आठ आठवड्यांनी, मे महिन्याच्या मध्यानंतर द्यायचा. खानापूर-जांबोटीकडचं काम असेल तर आठवडाभर आधीच उरका, तिकडं ढग लवकर जमतात. आणि लेबल खरंच वाचा. पुष्कळ डब्यांवर सोयाबीन, कापूस अशी पिकंच लिहिलेली असतात. आपल्या गवताचं नाव नसेल तर मत्तीकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा धारवाडच्या कृषी विद्यापीठात विचारल्याशिवाय हात लावू नका. मात्रा एकरावर लिहिलेली असली तर 40 नं भागा: एकरी 1 लिटर म्हणजे गुंठ्याला 25 मिली. अंदाजानं झाकणं ओतू नका.

आता पाणी. मला विचाराल तर अर्धं काम इथेच आहे, आणि नव्या माणसाचा कंटाळाही नेमका इथेच सुरू होतो.

फवारल्यावर औषध गवताच्या पात्यांवर आणि मातीच्या अगदी वर पडलेलं असतं. उन्हानं ते उडतं, विघटन पावतं. त्याला खाली थरात बसवायला साधारण 12 मिलिमीटर पाणी लागतं. लेबलं कधी दोन दिवसांची, कधी आठवड्याची मुदत देतात, पण मार्च-एप्रिलच्या उन्हात मी त्याच संध्याकाळी पाणी देतो. 12 मिलिमीटर म्हणजे एका गुंठ्याला सुमारे 1,200 लिटर. 5,000 लिटरचा टँकर चार गुंठ्यांना पुरतो, त्याहून जास्त नाही. हा हिशेब मालकाला फवारणीच्या आधीच सांगा. पाण्याची सोय नसेल तर फवारणी पुढं ढकला.

मोजायचं कसं? स्प्रिंकलर असेल तर सरळ कडांचे सात-आठ रिकामे डबे लॉनवर ठिकठिकाणी ठेवा, कोपऱ्यातही ठेवा. पंधरा मिनिटं चालवा आणि पट्टीनं पाणी मोजा. 4 मिलिमीटर भरलं तर पाऊण तास लागेल. कोपऱ्यातल्या डब्यात निम्मंच पाणी दिसेल. त्या कोपऱ्यांना पाइपनं वेगळं द्या, नाहीतर जूनमध्ये तण नेमकं तिथून येतं. नुसता पाइप असेल तर 20 लिटरची बादली किती वेळात भरते ते बघा. 40 सेकंदांत भरली तर मिनिटाला 30 लिटर, म्हणजे गुंठ्याला 40 मिनिटं.

हे पाणी एका दमात सोडू नका. आपल्या तांबड्या मातीवर पपडी धरते आणि उतारावरून पाणी पळतं. दहा मिनिटं द्या, पाऊण तास थांबा, मुरलं की पुन्हा द्या. पाणी वाहून गेलं तर औषधही गेलं. शिवाय पेंडिमेथालिन माशांना आणि पाण्यातल्या जिवांना फार घातक आहे. आपल्याकडची गटारं बळ्ळारी नाल्याला मिळतात आणि नाल्याच्या कडेला भाताचं शिवार आहे. माझ्या घरचंच शिवार असल्यामुळे मी लॉनच्या उताराकडची शेवटची दोन फूट पट्टी फवारतच नाही, हातानं भांगलतो.

फवारणीआधी दोन दिवस गवत कापून काडी-कचरा उचलायचा, म्हणजे औषध मातीला लागतं. आदल्या दिवशी हलकं पाणी द्यायचं. सकाळी वारं पडलेलं असताना, हातमोजे आणि मास्क घालून, पंख्यासारखा फवारा देणारं नोझल लावून फवारायचं. फरशीवर पिवळे डाग पडतात, ती आधी झाका. नंतर त्या जागी खुरपं घालू नका, थर मोडला की तिथून बी उगवतं. एखादं रोप दिसलं तर चिमटीनं उपटा.

लव्हाळ्यावर याचा उपयोग नाही. तो जमिनीतल्या गाठींतून येतो, बियाच्या कोंबातून नाही. देठ बोटांत फिरवून बघा, तीनधारी लागला की लव्हाळा. त्याला गाठीसकट खणून काढावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा काढावं लागतं. नव्यानं लावलेल्या लॉनवरही हे औषध मारू नका. हरळीच्या किंवा मेक्सिकन लॉनच्या कोवळ्या मुळ्यांनाही ते तसंच आखूड करतं. मुळं घट्ट धरून, दोन-तीन कापण्या झाल्यावरच विचार करा. शेजारच्या वाफ्यात झेंडूचं बी टाकलं असेल तर तिकडे थेंबही जाऊ देऊ नका.

मंगल कार्यालयाचं काम घेणाऱ्यांसाठी अजून एक. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, आणि लॉनवर पंगतीची पोरं अनवाणी धावतात. मार्च लागला की मी औषध घ्यायच्या आधी मालकांच्या बुकिंगची वही बघतो. सलग तीन रिकामे दिवस हवेत: एक फवारणीचा आणि पाण्याचा, दोन लॉन वाळायला. मागच्या वर्षी तसे तीन दिवस पाडव्यानंतरच्या आठवड्यातच मिळाले, म्हणून मालकांना सांगून ते पेन्सिलीनं अडवून ठेवले. पहिला वळीव त्यानंतर बाराव्या दिवशी आला.