नवा जोडलेला संगणक सुरूच होत नाही? आधी या चुका तपासा

सगळे भाग बसवून झाले, वायरी नीट मागे वळवल्या, कॅबिनेटचे झाकण लावले, बटण दाबले आणि काहीच झाले नाही. अशा वेळी पहिला संशय मदरबोर्डवर जातो. नवा भाग मुळातच सदोष निघणे अशक्य नाही, परंतु घरी जोडलेल्या संगणकात दोष भागांपेक्षा जोडणीतच सापडण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. म्हणून तक्रार नोंदवण्याआधी तासभर शांतपणे तपासणी करावी.

या तपासणीतली सर्वांत महागडी चूक म्हणजे एका वेळी दोन-तीन गोष्टी बदलणे. मी एकदा रॅमची जागा बदलली, मदरबोर्डवरचा सेल काढून घातला आणि ग्राफिक्स कार्डही पुन्हा बसवले, हे सारे एकाच दमात. संगणक सुरू झाला, पण कशामुळे झाला ते कळले नाही. आठ दिवसांनी तीच अडचण परत आली, तेव्हा मी पुन्हा पहिल्या पायरीवर होतो. एक बदल करावा, बटण दाबून पाहावे, मगच दुसऱ्याला हात लावावा. प्रत्येक बदलापूर्वी एसएमपीएसचा (सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचा) मागचा खटका बंद करून पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेला प्रवाह निघून जातो. खुद्द एसएमपीएस मात्र कधीही उघडू नये, कारण त्यातील वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये वीज काढल्यानंतरही धोकादायक विद्युतदाब राहू शकतो.

पंखासुद्धा हलत नसेल तर

एसएमपीएसच्या मागच्या खटक्यावर उभी रेघ म्हणजे चालू आणि गोल म्हणजे बंद. हे वाचून हसू येईल, पण इथेच अडकलेले लोक मी पाहिले आहेत. खटका चालू केल्यावर, संगणक बंद असतानाही, बहुतेक एसएमपीएस ५ व्होल्टचा राखीव प्रवाह मदरबोर्डला देत राहतात. त्यावर मदरबोर्डवरचा एखादा दिवा लागला असेल, तर वीज तिथवर पोहोचली आहे आणि शोध पुढे न्यायला हरकत नाही. दिवा नसेल तर २४ पिनांचा मोठा कनेक्टर पाहावा. तो बराच जोर लावल्याशिवाय पूर्ण आत जात नाही, आणि त्याची खिट्टी सॉकेटच्या उंचवट्यावर अडकलेली डोळ्यांनी दिसली पाहिजे.

यानंतर क्रम येतो कॅबिनेटच्या बटणाकडून येणाऱ्या बारीक वायरींचा. मदरबोर्डच्या खालच्या कडेला दोन ओळींत नऊ पिना असतात, आणि दहावीची जागा रिकामी असते. बहुतेक बोर्डांवर पॉवर बटणाची वायर सहाव्या आणि आठव्या पिनेवर जाते, तरीही माहितीपुस्तिकेतील आकृती पाहिल्याशिवाय ती लावू नये, कारण एक पीन बाजूला सरकली तरी बटण मुके होते. बटणाची वायर उलटी लागली तरी चालते. उलटसुलटचा नियम फक्त दिव्यांच्या वायरींना आहे. बटणाचाच संशय असेल तर वायर काढून त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श करावा. संगणक सुरू झाला तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे.

एका चुकीबद्दल अधिक कठोरपणे लिहायला हवे. सुट्या वायरींच्या, म्हणजे मॉड्युलर, एसएमपीएसमध्ये जुन्या एसएमपीएसच्या वायरी वापरू नयेत. मदरबोर्डच्या बाजूचे टोक ठरावीक प्रमाणाचे असले, तरी एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम प्रत्येक निर्माता आपापला ठरवतो. कधी कधी तो एकाच निर्मात्याच्या दोन मालिकांतही वेगळा असतो. वायर सहज बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क जळते. या लेखातील इतर बहुतेक चुका सुधारता येतात, ही येत नाही.

क्षणभर सुरू होऊन बंद पडत असेल तर

पंखा अर्धा फेरा घेऊन थांबत असेल, तर एसएमपीएसला कुठेतरी शॉर्ट जाणवत आहे असे समजावे. कॅबिनेटच्या पत्र्यावर मदरबोर्डला उचलून धरणारे पितळी स्टँडऑफ असतात. बोर्डाच्या भोकाखाली नसलेला एखादा जादा स्टँडऑफ तसाच राहिला, तर तो बोर्डाच्या मागच्या बाजूला टेकतो. खाली सांडलेला स्क्रूही हेच करतो. खात्री करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवणे आणि फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम व एसएमपीएस एवढ्यावर चालवून पाहणे. बोर्ड ज्या चकचकीत पिशवीत येतो तिच्यावर ठेवून मात्र चालवू नये, कारण तिचा पृष्ठभाग विद्युतवाहक असू शकतो.

संगणक सुरू होतो, पण थोड्याच वेळात तापून बंद पडतो, असे असेल तर कूलर काढून त्याचा तळ पाहावा. तिथली पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म काढायची राहिलेली असू शकते.

पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

सर्वाधिक वेळ खाणारी अडचण हीच. सुरुवात केबलपासून करावी. ग्राफिक्स कार्ड बसवले असेल तर मॉनिटरची केबल कार्डाला लावावी, मदरबोर्डच्या पोर्टला नव्हे. कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते पाहावे. इंटेलच्या आय ५-१२४००एफ सारख्या, शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरांत ते नसते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही नाही, ५६००जी मध्ये आहे. अशा प्रोसेसरवर कार्डाशिवाय डिस्प्लेची वाट पाहणे व्यर्थ आहे.

मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, हीटसिंकच्या आड, आठ पिनांचे एक सॉकेट असते. प्रोसेसरला वीज तिथूनच मिळते, आणि ते रिकामे राहिले तरी अनेक बोर्डांचे पंखे आणि रंगीत दिवे खुशाल चालू राहतात. त्यामुळे हे सॉकेट पाहण्याचे कोणाला सुचत नाही. त्यासाठीचा कनेक्टर चार-चार पिनांच्या दोन तुकड्यांचा असतो, तर ग्राफिक्स कार्डाचा सहा आणि दोन असा. दोघांच्या पिनांची रचना वेगळी आहे, म्हणून बसत नसलेला कनेक्टर जोराने रेटू नये.

आता रॅम. चार खाचांच्या बोर्डावर दोन पट्ट्या बसवायच्या असतील तर बहुतेक ठिकाणी प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी खाच, म्हणजे ए२ आणि बी२, वापरायची असते. पण खाच बरोबर असूनही पट्टी अर्धवट बसलेली असू शकते. अलीकडच्या अनेक बोर्डांवर खिट्टी एकाच टोकाला असते. त्या टोकाला ‘टक्’ आवाज येतो आणि आपण समाधानाने हात काढतो, मात्र दुसरे टोक एखादा मिलिमीटर वर राहिलेले असते. टॉर्च आडवी धरून पट्टीची खालची कड पाहिली, की सोनेरी संपर्कांची बारीक तिरपी रेघ दिसते. ती दिसली तर त्या टोकावर अंगठ्याने सरळ दाब द्यावा. तरीही डिस्प्ले आला नाही तर एकच पट्टी ए२ मध्ये ठेवून, मग दुसरी तिथेच लावून पाहावे.

इथे धीर धरणेही आवश्यक आहे. डीडीआर५ रॅमच्या संगणकात, विशेषतः एएमडीच्या एएम५ या प्रोसेसर बसवण्याच्या सॉकेटवर, पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमची जुळवणी करतो आणि तोवर पडदा काळाच राहतो. यात काही मिनिटे सहज जातात, आणि रॅम मोठ्या क्षमतेची असेल तर अधिकच. दर मिनिटाला बटण बंद करणारा माणूस ही प्रक्रिया प्रत्येक वेळी नव्याने सुरू करतो. पहिल्या वेळी पंधरा मिनिटे हात न लावता थांबावे.

बऱ्याच नव्या बोर्डांवर चार लहान दिवे असतात आणि त्यांच्याजवळ सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) व बूट अशी नावे छापलेली असतात. जो दिवा स्थिर राहतो त्या भागाच्या तपासणीत संगणक अडकला आहे, म्हणून अंदाज बांधण्यापूर्वी हे दिवे पाहावेत. सीपीयूचा दिवा लागून राहिला आणि वीज व्यवस्थित असेल, तर बायोसची, म्हणजे बोर्डात साठवलेल्या संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, आवृत्ती जुनी असण्याचा संशय घ्यावा. सॉकेट जुळले म्हणजे प्रोसेसर चालेलच असे नाही. एएमडीसाठीचे बी४५० बोर्ड २०१८ मधले आणि रायझन ५००० मालिका २०२० मधली, त्यामुळे खोक्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेला बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचे बटण असेल तर पेन ड्राइव्हवरून, प्रोसेसरशिवायही, बायोस अद्ययावत करता येते. नसेल तर जुना प्रोसेसर उसना आणावा लागतो. तेही करून दिवा गेला नाही, तर प्रोसेसर उचलून सॉकेटमधल्या, किंवा बी४५० सारख्या बोर्डावर प्रोसेसरच्याच तळाच्या, पिना तिरप्या उजेडात पाहाव्यात. एखादी वाकलेली पीन बाकीच्यांपेक्षा वेगळी चमकते.

रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी किंवा एक्सपो सेटिंग लावल्यानंतर डिस्प्ले गेला असेल, तर वीज काढून सीआर२०३२ हा गोल सेल पाच मिनिटे बाहेर ठेवावा किंवा बोर्डावरील सीमॉस (बायोसच्या सेटिंगची स्मृती) पुसण्याचा जंपर वापरावा. बायोस मूळ स्थितीत येते.

आणि चारांपैकी फक्त बूटचा दिवा उरला असेल, तर खोलण्यासारखे काही नाही. संगणक सुरू झालेला आहे. नव्या डिस्कवर अजून कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम नाही, ती असलेला पेन ड्राइव्ह लावावा.