कॉट्सवोल्ड्समध्ये सायकल काढण्यापूर्वी नकाशावरचा चढ मोजावा

इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्समधील टेकड्या दिसायला मवाळ असल्या, तरी तीस-चाळीस मीटरांचे चढ एकामागून एक येत राहतात आणि केवळ अंतर पाहून आखलेली सफर दुपारपर्यंत पाय भरून आणते.

त्यावरचा उपाय कागदी नकाशातच आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:५०,००० प्रमाणाचा लँडरेंजर नकाशा (या भागासाठी १६३ क्रमांकाचा) घ्यावा आणि ठरवलेल्या रस्त्यावर पेन्सिल फिरवत, चढताना ओलांडलेल्या तपकिरी समोच्चरेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) तेवढ्या मोजाव्यात. लगतच्या दोन रेषांच्या उंचीत दहा मीटरांचा फरक असतो. म्हणून चाळीस रेषा म्हणजे सुमारे ४०० मीटर चढ. नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, त्यामुळे तेवढ्या लांबीत पाच रेषा चढल्या तर सरासरी चढ पाच टक्के धरावा. रस्त्यावर बाणाच्या टोकासारखी एक खूण असेल तर तेथे उतार १४ ते २० टक्के असतो आणि दोन असतील तर २० टक्क्यांहून अधिक. खुणेचे टोक उताराकडे असते.

बेरीज फार मोठी झाली, तर दऱ्या आडव्या ओलांडणारे रस्ते सोडून नदीच्या सोबतीने जाणारे निवडावेत. विंडरश नदीच्या खोऱ्यातला ग्रेट बॅरिंग्टन, टेंटन, बर्फर्ड हा रस्ता मला यासाठी सर्वांत आवडतो.

मात्र दहा मीटरांपेक्षा लहान चढउतार रेषांमध्ये उमटतीलच असे नाही. म्हणून आलेल्या बेरजेत थोडी भर धरूनच वेळ ठरवावी.