जुनी येझदी रोज चालवायची तर

लालबागच्या सिग्नलला जुनी येझदी रोडकिंग उभी राहिली की शेजारच्या नव्या गाडीवाल्याचे प्रश्न ठरलेले असतात. आधी विचारतो, "कितवी मॉडेल?" आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आत, "देणार का?" हा रुबाब पॉलिशने येत नाही. टेम्पोत चढवून रॅलीला नेलेली आणि तशीच परत आणलेली गाडी आम्ही गाडी धरत नाही, ते फर्निचर. सोमवारी सकाळी दुसऱ्या किकला सुरू होऊन मालकाला कामावर पोचवते ती खरी. ते जमवायला काय लागतं, ते इथे आहे. उदाहरण जावा-येझदीचं घेतलंय, कारण मुंबईत रोज वापरायला सगळ्यात हट्टी तीच.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून या टू-स्ट्रोक मोटारसायकली १९६१ ते १९९६ या काळात निघाल्या. टाकीवर येझदी हे नाव १९७३पासून आलं. म्हणजे त्या कारखान्यातली सर्वांत तरुण येझदीही आता तिशीच्या आसपास आहे. २०१८ साली परत आलेली जावा ही वेगळीच जात, चार स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारी. तिच्या इंजिनाचे पार्ट इकडे चालत नाहीत, त्यामुळे शोरूममध्ये जाऊन उपयोग नाही.

आधी कागद. आरसी बुकातला चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उमटते. आकडे वेडेवाकडे, खोलगट किंवा भोवतीचा भाग घासलेला दिसला तर सौदा तिथेच सोडा. एमएच यायच्या आधीचा तीन अक्षरी नंबर असेल तर गाडीची नोंद आरटीओच्या ऑनलाइन यंत्रणेत चढली आहे की नाही ते पैसे देण्याआधी बघा. चढली नसेल तर ज्या आरटीओत मूळ नोंदणी आहे तिथे बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते आणि त्याशिवाय पुढचं एकही काम हलत नाही. नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, तपासणी करून, पर्यावरण कर भरून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही लावावी लागते. जुन्या मडगार्डावर ती शोभत नाही हे खरं, पण इलाज नाही.

इथे एक फसवी वाट आहे. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. ऐकायला भारी वाटतं. पण तशी नोंद केली की गाडी रस्त्यावर फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच काढता येते. रोज ऑफिसला न्यायची असेल तर या भानगडीत पडू नका, साधं नूतनीकरणच करा.

विकत घेताना रंग आणि क्रोम शेवटी बघा. गाडी थंड असताना सुरू करायला सांगा; मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर चहा पिऊन या, तासाभराने परत बघा. मग दोन गोष्टींकडे लक्ष. सुरुवातीचा धूर पाच मिनिटांनी विरळ व्हायला हवा. तो दाट पांढरा राहिला आणि गिअरबॉक्सचं ऑइल सारखं कमी होत असेल, तर क्रँकचं (पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याचं) क्लचकडचं सील गेलंय आणि इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल पितंय. उलट, ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन चढंच राहत असेल, तर डायनॅमोकडच्या सीलमधून हवा आत येतेय. हा दुसरा आजार जास्त वाईट, कारण हवा वाढली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टन जाम होतो. दोन्ही सीलं स्वस्त असतात. महाग पडते ती मजुरी, कारण इंजिन खोलावं लागतं. तोच हिशेब सौद्यात धरा.

आता पेट्रोल आणि ऑइल. या इंजिनाला ऑइलचा वेगळा पंप नाही. टाकीतल्या पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल हेच त्याचं सगळं वंगण. चांगल्या प्रतीचं ऑइल असेल तर लिटरला ३० मिली, म्हणजे पाच लिटरला १५० मिली. नुकतंच बोअर केलेलं (सिलिंडर आतून कापून नवा पिस्टन टाकलेलं) इंजिन असेल तर पहिले ५०० किलोमीटर लिटरला ४० मिली. "थोडं जास्त टाकलं की सेफ" हा समज सोडून द्या. ऑइल वाढलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी होतं, म्हणजे इंजिन उलट पातळ मिश्रणावर चालतं, वर प्लग काळा आणि सायलेन्सर भरलेला. मापाची बाटली गाडीतच ठेवा. पंपावर आधी ऑइल टाकीत, मग पेट्रोल, म्हणजे धारेच्या जोराने मिसळतं. उलट केलंत तर ऑइल तळाला बसतं आणि पहिले दोन किलोमीटर गाडी ठसकत जाते. यामाहाच्या आरएक्स १००ला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप आहे, तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं नाही.

हल्ली पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ही गाडी बनली तेव्हा याचा कुणी विचारही केला नव्हता. इथेनॉलमुळे जुने रबरी पाइप फुगतात आणि चिरतात, पेट्रोल कॉकचे वॉशर गळतात. सगळे पाइप आणि वॉशर एकदाच इथेनॉल चालणाऱ्या रबराचे करून टाका. दुसरं, इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पार्टवर) मिश्रण पातळ पडतं. मेन जेटवर आकडा कोरलेला असतो. त्याच्या एक पायरी वरचा जेट बसवून प्लग बघा. गाडी अर्धा किलोमीटर नेहमीच्या वेगाने चालवायची, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करायचं आणि प्लग काढायचा. चॉकलेटी असेल तर बरोबर, पांढरट असेल तर अजून पातळ, ओला काळा असेल तर जाड. जेटचं भोक साफ करायला तार घालू नका, भोक मोठं होतं. मासे धरायच्या गळाच्या नायलॉन दोऱ्याचा तुकडा पुरतो.

तिसरी गोष्ट मुंबईचीच. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि पावसाळ्यात आपल्याकडे ओलाव्याला तोटा नाही. पंधरा दिवस अर्ध्या टाकीने उभी राहिलेली गाडी तळाशी पाणी जमवते आणि टाकी आतून गंजते. आठवड्यात दोनदा तरी चालवणं हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय. महिनाभर बाहेरगावी जायचं असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामी करा. एरवी घराच्या गल्लीत वळलात की कॉक बंद करा आणि उरलेलं पेट्रोल हळू वेगात संपवा. हायवेवर वेगात असताना हे करू नका, पेट्रोलबरोबर वंगणही संपतं.

टाकी गंजलीच असेल तर कॉक काढून भोक बुजवा, लिटरभर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड या हिशेबाने टाकी भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ओता, खायच्या सोड्याच्या पाण्याने एकदा आणि साध्या पाण्याने दोनदा विसळा, लगेच हवा मारून सुकवा आणि आतून टू-टी ऑइल फिरवा. या शेवटच्या दोन पायऱ्यांत आळस केला तर संध्याकाळपर्यंत नवा गंज हजर.

या गाड्यांच्या तक्रारींपैकी बहुतेक तक्रारी कार्ब्युरेटरवर ढकलल्या जातात आणि निघतात पॉइंटच्या, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या. उजव्या बाजूचं झाकण काढा. इंजिन हाताने फिरवत पॉइंट जास्तीत जास्त उघडेल तिथे थांबवा आणि फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्टीने) फट मोजा: ०.४ मिलिमीटर. गेज किंचित अडकत सरकला पाहिजे, सैल नको. पॉइंटची तोंडं काळी पडली असतील तर बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवा आणि मग कोरा कागद स्पिरिटमध्ये भिजवून ओढा. पेपरचे कण राहिले तर दोन दिवसांत परत तेच. फट बदलली की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळही, सरकते, म्हणून नेहमी आधी फट, मग टायमिंग. टायमिंग कानाने लावणारे मेकॅनिक भरपूर भेटतील. प्लगच्या भोकातून डायल गेज (पिस्टन किती वर-खाली आहे ते मोजणारं घड्याळ) सोडून, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर लावणारा शोधा.

गाडी थंडीत चालते, गरम झाली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते? पॉइंटवर मोठी निळसर ठिणगी उडताना दिसली तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा पार्ट) गेलाय. तशी ठिणगी नसेल तर कॉइल (प्लगला जोरदार वीज देणारी गुंडाळी) बघा. हे ओळखता आलं की सायनच्या पुलाखाली उभं राहून कार्ब्युरेटर खोलायची वेळ येत नाही.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला वारा लागतो, आणि वारा लागायला गाडी चालती हवी. सिग्नल मिनिटाहून मोठा असेल तर सरळ बंद करा. किक मारायची लाज वाटत असेल तर नवी गाडी घ्या. अटल सेतू, सी लिंक, कोस्टल रोड, फ्रीवे आणि जे. जे.चा पूल दुचाकीला बंद आहेत, त्यामुळे मोकळा रस्ता आपल्या वाट्याला फारसा येत नाही. तापलेलं इंजिन आधी आवाजाने सांगतं: चढावर बारीक टिकटिक, मग जोर एकदम कमी. त्या क्षणी क्लच दाबा आणि बाजूला घ्या. क्लच सोडलेला राहिला तर पिस्टन जाम होऊन मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं.

पुण्याला जाताना जुन्या हायवेने जाता, तेव्हा परतीचा बोरघाट उतरताना एक सवय अंगी बाणवा. नव्या गाडीसारखं ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गिअरवर उतरत राहिलं तर इंजिन वेगात फिरतंय, पण पेट्रोल येत नाही, म्हणजे ऑइलही येत नाही. थोड्या थोड्या अंतराने ॲक्सिलरेटर जरासा मारत राहा. घाट चढताना नव्हे, उतरताना जाम झालेली इंजिनं जास्त बघायला मिळतात, याचं कारण हेच.

तुमचे ब्रेक ड्रमचे आहेत, पुढे चालणाऱ्या गाडीचे तसे नाहीत. पुढची एबीएसवाली गाडी थांबते तिथे तुम्ही थांबणार नाही, तेव्हा अंतर दुप्पट ठेवा. पाण्यातून गेल्यावर ड्रम ओले होतात आणि ब्रेक लागतच नाही. पुढचे शंभर मीटर ब्रेक हलका दाबून ठेवला की लायनर सुकतात. पाणी सायलेन्सरच्या तोंडापर्यंत आलं असेल, तर हिंदमाता असो की मिलन सबवे, आत घुसू नका. घुसलात आणि बंद पडली तर किक मारू नका. ढकलत बाहेर आणा, चावी बंद ठेवून प्लग काढा, सावकाश किक मारत आतलं पाणी बाहेर फेका, प्लग पुसा, कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा, मगच प्रयत्न करा. आंतरराष्ट्रीय जावा दिन जुलैच्या दुसऱ्या रविवारी येतो, ऐन पावसात. एवढी सगळी उजळणी त्या दिवशी आपोआप होते.

सहा व्होल्टच्या दिव्यांबद्दल लोक रडतात. अर्धा दोष गंजलेल्या अर्थिंगचा असतो. हेडलाइट, डायनॅमो आणि बॅटरीची अर्थ वायर जिथे सांगाड्याला लागते तिथला रंग खरवडून, स्वच्छ करून, वर ग्रीस लावून परत आवळा. डायनॅमो मंद गतीला जवळजवळ चार्ज करत नाही, आणि मुंबईचं ट्रॅफिक म्हणजे मंद गतीच. म्हणून मागचा दिवा आणि इंडिकेटर सहा व्होल्टच्या एलईडीचे केले की बॅटरीवरचा भार उतरतो.

पिकअप हळूहळू मरत चालला असेल तर सायलेन्सरमधली जाळी काढून बघा, कार्बनने बुजलेली सापडेल. चार-पाच हजार किलोमीटरला एकदा ती साफ करायचीच. कॉस्टिक सोड्यात भिजवता येते, पण हातमोजे घाला आणि ॲल्युमिनियमचा एकही पार्ट त्यात पडू देऊ नका, विरघळतो.

पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोरबाजार पालथा घालावा लागतो. जुना पार्ट खिशात घेऊनच जा. "सेम आहे साहेब" हे वाक्य ताडून बघितल्याशिवाय मानायचं नाही. नवे नकली पॉइंट दिसायला चकचकीत असतात, पण त्यांची स्प्रिंग नरम निघते. जुने मूळ पॉइंट घासून वापरता येण्याजोगे असतील तर तेच ठेवा.

गाडीसोबत कायम हवं ते असं: दोन प्लग, प्लग पाना, एक कंडेन्सर, फीलर गेज, पॉलिश पेपरचा तुकडा, ऑइलची मापाची बाटली, फडकं आणि ट्यूब. सुटी क्लच वायर बॅगेत ठेवू नका. चालू वायरीच्या शेजारून ती आधीच ओढून, दोन ठिकाणी बांधून ठेवा. सायनला पीक अवरला वायर तुटली तर टाकी न काढता, फक्त दोन टोकं बदलून पाच मिनिटांत निघता येतं.